पोर्ट्स आणि पॅकेज एकाच शाखेतून घ्या

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर जवळपास सगळं तयार (आधीच कंपाइल केलेल्या) पॅकेजमधून घ्यायचं आणि एखादीच गोष्ट, समजा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर किंवा एफएफएमपेग हे व्हिडिओचं टूल, आपल्या ऑप्शन्ससकट पोर्ट्समधून (सोर्सवरून बिल्ड करायच्या कृतींच्या संग्रहातून) बांधायची असं खूप जण करतात, आणि त्यात वाईट काहीच नाही, पण खरी गोम नवीन माणसाला आधी कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

गोम अशी की रिलीजवर पीकेजी, म्हणजे पॅकेज बसवणारं टूल, मुळात क्वार्टरली (तिमाही) शाखेकडे बघतं. ती जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघते आणि मग तीन महिने तिच्यात मुख्यतः सिक्युरिटीचे नाहीतर बिल्डचे फिक्स येतात. आपण मात्र गिटने पोर्ट्स साधं क्लोन केलं की हातात येते मेन शाखा, जिथे रोज काही ना काही हलतं. तिथे पर्ल या भाषेची डिफॉल्ट आवृत्ती बदलली की आपलं पोर्ट नवीन पर्ल मागतं, मशीनवर जुनं, आणि दोघांचं कॉन्फ्लिक्ट. किंवा उलटं, पीकेजी अपग्रेडने लायब्ररीचा नंबर पुढे सरकतो आणि आपण बांधलेला प्रोग्राम शेअर्ड ऑब्जेक्ट नॉट फाउंड म्हणून उठतच नाही.

म्हणून मेन वापरायचं असेल तर पीकेजी लेटेस्टवर (मेनमधून बनणाऱ्या पॅकेजेसवर) न्या, क्वार्टरली हवं असेल तर क्लोन करताना त्याच तिमाहीची शाखा घ्या, आणि रिपोचा (पॅकेजेसच्या साठ्याचा) बदल यूएसआर लोकलखालच्या फाइलमध्ये करा, ईटीसीमधल्या मूळ फाइलला हात नको. लेटेस्टसुद्धा मेनच्या थोडं मागेच असतं बरं का, बिल्ड व्हायला वेळ लागतो.

पीकेजी लॉक, म्हणजे पॅकेज आहे तसंच गोठवायची कमांड, लोक सर्रास सुचवतात, मला ते पटत नाही. अपग्रेड आपलं बिल्ड पुसून रिपोचं बसवत नाही हे खरं, पण लॉक केलेल्याला सिक्युरिटी अपडेटही मिळत नाही आणि त्याच्या डिपेंडन्सीही अडून बसतात.

दोनचारपेक्षा जास्त पोर्ट्स बांधत असाल तर सरळ पुड्रिएर हा पॅकेज बिल्डर लावा. स्वच्छ जेलमध्ये (वेगळ्या, बंदिस्त वातावरणात) बिल्ड होतं, स्वतःचा रिपो तयार होतो, त्याला प्रायॉरिटी जास्त द्यायची, आणि बी ऑप्शन दिला तर ज्यांचे ऑप्शन्स जुळतात ती पॅकेजेस तो अधिकृत रिपोतून उचलतो, एलएलव्हीएमसारखं अवजड कंपाइलरचं पॅकेज कंपाइल करत बसावं लागत नाही! जेंटू या सोर्समधून बांधायच्या लिनक्सने डिसेंबर 2023 पासून अधिकृत बायनरी पॅकेजेस द्यायला सुरुवात केली तिथेही पोर्टेज या पॅकेज मॅनेजरला यूज फ्लॅग (बिल्डचे ऑप्शन्स) जुळवून घ्यायला सांगता येतं, न जुळलेलं तो सोर्समधून बांधतो. फ्रीबीएसडीच्या पीकेजीमध्येच अशी सोय आली तर मला खूप आवडेल.