तुम्ही विचारलंत म्हणून: परदेशी पोरांनाच खोली का देता?

हा प्रश्न मला वर्षातून दहादा तरी येतोच. भिशीत येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, परवा तर डेंटिस्टकडे तोंडात कापूस असताना आला. "वहिनी, वरती ते आफ्रिकन राहतात ना तुमच्याकडे, भीती नाही वाटत?" गुजराती शेजारीण असेल तर "बेन, नॉनवेज बनावे छे?" आणि मग दोन मिनिटांनी पोटातलं बाहेर येतं, की आपल्या पोरांना ॲडमिशनसाठी वणवण करावी लागते आणि सरकार यांना फुकट शिकवतं, वर तुम्ही खोली देता. तर एकदाच बसून लिहून टाकते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच फॉरवर्ड करीन.

सगळ्यात आधी खरं सांगते, सुरुवात भाड्यापासून झाली. आमचं घर बडोद्यात प्रतापगंजात, युनिव्हर्सिटी चालत दहा मिनिटं, वरती दोन खोल्या, छोटा ओटा आणि गच्ची. आसपासच्या गावांतून येणारी मुलं सहा महिन्यांत खोली सोडतात, नाहीतर त्यांचे वडील दर शनिवारी येऊन नळाचं प्रेशर तपासतात. परदेशी मूल एकदा आलं की डिग्री होईपर्यंत तीन वर्षं हलत नाही. मी बँकेत कर्ज विभागात नोकरी केली, मला हा हिशोब लगेच कळला. म्हणजे त्या वेळी माझ्या मनात देशसेवा वगैरे अजिबात नव्हती.

आता ते "फुकट" प्रकरण. यातली बरीच मुलं आयसीसीआरच्या स्कॉलरशिपवर येतात. आयसीसीआर म्हणजे इंडियन कौन्सिल फॉर कल्चरल रिलेशन्स, मौलाना आझादांनी १९५० साली काढलेली, आणि ती येते परराष्ट्र मंत्रालयाखाली. हे सांगितलं की लोक जरा थबकतात, कारण सगळ्यांना वाटतं हे शिक्षण खात्याचं काम. नाही हो, ज्या खात्याचे राजदूत असतात त्याच खात्याचा हा उद्योग आहे, आणि सरकारच्या दृष्टीने ही पोरं म्हणजे बिनतारण कर्ज आहे, परतफेड कधी, किती, होणार की नाही, काहीच माहीत नाही. आणि सीटचं म्हणाल तर परदेशी विद्यार्थ्यांच्या जागा मंजूर संख्येच्या वर धरतात, २०२२ मध्ये यूजीसीने तर २५ टक्क्यांपर्यंत अशा जास्तीच्या जागा ठेवायची मुभा दिली. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या पोराने तुमच्या चिंटूची सीट खाल्लेली नाही, चिंटूला टक्के कमी पडले.

हा धंदा काही भारतानं शोधलेला नाही. अमेरिकेत १९४६ साली फुलब्राइट नावाच्या सिनेटरनं कायदा करून घेतला, महायुद्धानंतर परदेशात पडून राहिलेलं लष्करी सामान विकायचं आणि त्या पैशातून पोरांना इकडून तिकडे शिकायला पाठवायचं, १९५० मध्ये आपल्याशीही तसा करार झाला. पण मला त्याच्याही आधीची एक गोष्ट जास्त आवडते. चीनमध्ये परदेशी लोकांविरुद्ध बॉक्सर बंड झालं, परदेशी फौजांनी ते मोडलं आणि चीनवर जबर दंड बसवला. त्यातला अमेरिकेच्या वाट्याचा दंड गरजेपेक्षा जास्त निघाला, तेव्हा १९०८ मध्ये त्यांनी ठरवलं की जादा रक्कम परत करायची, पण रोख नाही, त्यातून चिनी मुलांनी अमेरिकेत येऊन शिकायचं. म्हणजे वसुलीही आपण करायची, सूटही आपणच द्यायची आणि सुटीतून गिऱ्हाईक बांधायचं, आमच्या बँकेच्या रिकव्हरी सेलला असलं सुचलं नसतं. त्या पैशावर १९१० मध्ये हू शी नावाचा मुलगा गेला, आधी कॉर्नेल, मग १९१५ पासून न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई या तत्त्वज्ञांच्या हाताखाली. १९३८ मध्ये चीन जपानशी लढत होता आणि अमेरिकेची मदत हवी होती, तेव्हा वॉशिंग्टनला चीनचा राजदूत म्हणून कोण गेलं, तर हाच हू शी. तीस वर्षांची एफडी म्हणा.

आणि आता बडोदेकरांनी कान टवकारावेत, कारण त्याच कोलंबियात, त्याच ड्यूईंच्या वर्गात आपल्याकडचाही एक स्कॉलर होता. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी दिले आणि करार केला की परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. आंबेडकर आणि हू शी जवळजवळ वर्षभर एकाच विद्यापीठात होते. एकाला चीनच्या दंडातून सुटलेल्या पैशानं पाठवलेलं, दुसऱ्याला आपल्या गायकवाडांनी.

महाराजांची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ असते. शिष्यवृत्ती दिली, सक्तीचं मोफत शिक्षण आणलं, अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून गावोगाव वाचनालयं काढली, सगळं खरंच आहे. आमच्या सासूबाई तर महाराजांचं नाव निघालं की पदर सावरून बसायच्या. पण गोष्टीचा पुढचा भाग सांगताना आपण जरा घाईत असतो. सप्टेंबर १९१७ मध्ये आंबेडकर करार पाळायला बडोद्यात आले, अकाउंटंट जनरलच्या कचेरीत रुजू झाले, आणि गावात त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी पारशांच्या एका विश्रामगृहात पारशी नाव लावून राहिले, रोज दीड रुपया भाड्यानं. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली, संध्याकाळपर्यंत खोली खाली कर म्हणून. ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, तो म्हणाला तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिश्चन, तो म्हणाला बायको उद्या येतेय, तिला विचारावं लागेल. मग कमाटीबागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई. त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात, २३ सप्टेंबरला तिथे निळे झेंडे घेऊन लांबून लांबून लोक येतात. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, आणि त्या आठवणींच्या शीर्षकात चक्क "व्हिसा" हा शब्द आहे.

मी हे वाचलं फार उशिरा, वयाची पन्नाशी उलटल्यावर. आणि त्या ख्रिश्चन मित्राच्या वाक्यापाशी येऊन पुस्तक मिटलं.

कारण त्याच्या दोन वर्षं आधी, जुलै २००९, धो धो पाऊस, ब्रोकर एका टांझानियाच्या मुलीला घेऊन आमच्या दारात आला होता. सकाळपासून सात घरं झाली होती त्यांची. आत्ताच दिली, फॅमिलीलाच द्यायचीये, कलर करायचाय, घरात पूजा आहे, असली उत्तरं घेऊन ती आलेली, आणि ओढणी पिळत ओसरीच्या कडेला उभी, आत पाणी नको म्हणून. मी तिला काय सांगितलं? "मिस्टरांना विचारून सांगते." हे आतच बसले होते, पेपर वाचत. विचारायचं काहीही नव्हतं, आमच्याकडे घराच्या बाबतीत यांना विचारतं कोण. दार लावलं, भजी तळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ब्रोकर तीन महिन्यांचं डिपॉझिट आगाऊ घेऊन आला म्हणून खोली दिली. बस, एवढंच. म्हणून मला कुणी मोठ्या मनाची वगैरे म्हटलं की कसंतरी होतं. आणि दुसरं, आमच्या सासरचं जुनं घर दांडियाबाजारातलं, १९१७ मध्येही होतं, माडीवर भाडेकरू ठेवायचे. आंबेडकर तिथे आले होते असं नाही, पण आले असते तर आमच्या घरातून काय उत्तर मिळालं असतं ते मला पक्कं माहितीये. तर पहिल्या मुलीचं कारण डिपॉझिट होतं, नंतरच्यांचं हे.

ती मुलगी चार वर्षं राहिली, बीकॉम आणि वर एक डिप्लोमा. सी-फॉर्म भरणं, म्हणजे परदेशी भाडेकरू आला की चोवीस तासांत सरकारला कळवणं, रजिस्ट्रेशनला मुलांसोबत जाऊन बसणं, हे सगळं मी तिच्यामुळे शिकले. तिला लीलो चेवडो इतका आवडायचा की जाताना बॅगेत कपड्यांपेक्षा तोच जास्त. आता ती तिकडे सरकारी नोकरीत आहे, खरेदी विभागात, भारतीय कंपन्यांचे लोक येतात तेव्हा गुजरातीत "केम छो" म्हणून त्यांची विकेट काढते. टेंडर कुणाला देते ते मी विचारलेलं नाही, तेवढी अक्कल आहे मला. तिची धाकटी बहीण इथेच येणार होती, पण २०२३ मध्ये आयआयटी मद्रासनं त्यांच्याच टांझानियात, झांझिबारला कॅम्पस काढला, ती तिकडे गेली. देशाची डिप्लोमसी वाढली, माझा भाडेकरू गेला.

पण म्हणून शिकवलं की पोरगं आपलं झालं असं समजू नका, हा भ्रम दिल्लीतही अनेकांना असावा. अफगाणिस्तानचे हमीद करझाई शिमल्याला शिकले आणि अध्यक्ष झाल्यावरही शिमल्याची आठवण काढायचे, हे उदाहरण सगळे देतात. नेपाळच्या बाबुराम भट्टराईंचं कुणी देत नाही. चंदीगडला आर्किटेक्चर, मग दिल्ली, जेएनयूची पीएचडी, आणि १९९६ मध्ये त्यांनी नेपाळ सरकारपुढे ज्या ४० मागण्या ठेवल्या त्यातल्या पहिल्याच भारताबरोबरचे करार रद्द करा अशा. नंतर पंतप्रधान झाले. त्याहून टोकाचं म्हणजे इजिप्तचा सय्यद कुत्ब. १९४८ मध्ये त्यांच्याच सरकारनं शिक्षणपद्धती बघायला अमेरिकेला पाठवला, कोलोरॅडोतल्या एका छोट्या गावात राहिला, चर्चमधला नाच बघून हादरला आणि परत येऊन पश्चिमेच्या विरोधातला मोठा विचारवंत झाला. फी कोण भरतं यावर पोराच्या डोक्यात काय जाईल ते ठरत नाही. मार्च २०२४ मध्ये अहमदाबादला एका होस्टेलवर परदेशी मुलांना नमाजावरून मारहाण झाली, तेव्हा वरच्या खोलीत तीन दिवस फोन चालू होते, वेगवेगळ्या देशांतल्या आया एकच प्रश्न विचारत होत्या, तुम्ही तिथून किती लांब आहात. शंभर किलोमीटर, असं मी एकीला फोनवर सांगितलं, आणि सांगताना ते अंतर मलाच कमी वाटलं.

आणि आपली पोरं बाहेर जातात तेव्हा आपल्याला हे बरोब्बर कळतं. माझ्या कारेलीबागच्या बहिणीचा मुलगा कॅनडाची फी भरून बसला होता, सप्टेंबर २०२३ मध्ये दोन्ही सरकारांचं बिनसलं, तिकडचे ४१ अधिकारी परत गेले, व्हिसाचं काम रेंगाळलं, मग जानेवारीत त्यांनी स्टडी परमिटवर मर्यादाच घातली. बहीण म्हणे, "राजकारण्यांच्या भांडणात माझ्या पोरानं काय केलंय?" अगदी बरोबर. हाच प्रश्न मी दोन वर्षं आधी आमच्या एका भाडेकरूसाठी विचारत होते, तेव्हा तीच मला म्हणाली होती की ताई, तू कशाला त्यात पडतेस.

काबूलचा एक मुलगा होता आमच्याकडे, आयसीसीआरचाच, एमएससी करत होता. अफगाणी मुलांसाठी आपण वर्षाला हजार स्कॉलरशिप द्यायचो एकेकाळी. हा पोरगा हिंदी सिनेमांवर वाढलेला, माझ्यापेक्षा चांगलं हिंदी, नवरात्रात गरब्याला आमच्या सोसायटीत पहिला नंबर काढला, सगळ्या काकू त्याच्यावर फिदा, ज्या आधी "दाढीवाला आहे हो" म्हणाल्या होत्या त्याच. कोविडमध्ये घरी गेला, ऑनलाइन लेक्चर आहेत तोवर आईजवळ राहतो म्हणून. खोली मी ठेवली, भाडं नको म्हटलं, ट्रंक आणि कुकर वरतीच होता. मग १५ ऑगस्ट २०२१, आम्ही इथे झेंडावंदन करून जिलेबी आणली आणि टीव्हीवर काबूल तालिबानच्या हाती पडलेलं. दहाच दिवसांत, २५ तारखेला, भारताबाहेर असलेल्या अफगाणांचे आधी दिलेले व्हिसे रद्द झाले. सुरक्षेचं कारण होतं, मला ते कळतं, मी काही खुळी नाहीये. पण ज्याला आपणच दीड वर्ष शिकवलं, ज्याचं बोनाफाईड माझ्या कपाटात होतं, त्याला शेवटच्या सेमिस्टरसाठी दार बंद. तो रोज मेसेज करायचा, "आंटी, कुछ पता चला?" मी दोन-तीन ठिकाणी चकरा मारल्या, अर्ज लिहिले, प्रत्येक ठिकाणी चांगलं बोलले लोक, वरती विचारून सांगतो म्हणाले.

तो आता जर्मनीत आहे. त्यांनी त्याला स्कॉलरशिप दिली, डिग्री झाली, नोकरीही लागली. मी यांना म्हटलं, मुद्दल आपलं आणि व्याज तिकडे. अजून दिवाळीला फोन करतो, हिंदीतच बोलतो, मध्येच एखादा जर्मन शब्द येतो आणि स्वतःच हसतो.

येत्या जुलैत आफ्रिकेतल्या लेसोथोची एक मुलगी येतेय, व्हॉट्सॲपवर सगळं ठरलंय, म्हणून गेल्या आठवड्यात खोली साफ करायला घेतली. ट्रंक माळ्यावर चढवली, कुलूप तसंच आहे. कुकर मात्र बाहेरच होता, चांगला पाच लिटरचा. त्याला फोटो पाठवून विचारलं, हा नव्या मुलीला वापरायला देऊ का रे? त्याचं उत्तर आलं: दे दीजिए आंटी, बस सीटी बदलनी पड़ेगी, पुरानी वाली हवा छोड़ती है.

रावपुऱ्यात जाऊन शिट्टी आणायचीये उद्या.