ओल्यावर जाऊ नको

रविवारी आमच्या भागात पाणी आलं. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी म्हणजे सोलापुरात घरोघरी लगीनघाईच. पिंपं, बादल्या, कळश्या, शेवटी पातेलीसुद्धा. त्या धांदलीत गच्चीवर वाळत घातलेल्या टॉवेलवर पाइपचा फवारा गेला. टॉवेल फिका आकाशी. पाणी पडलं तेवढ्या जागी तो पार गडद झाला, शाई सांडल्यासारखा. मे महिन्याचं ऊन. डाग कडेकडेनं आक्रसत आक्रसत बघता बघता नाहीसा झाला. मी पाइप धरून तेच बघत उभा, आणि खालून, ‘अहो, टाकी भरून वाहायलीय!’

पाण्याला स्वतःचा रंग नाही. मग बिनरंगी वस्तू पडून कापड गडद का व्हावं?

हे आठवीच्या पुस्तकात नव्हतं. तिथे बादलीतलं नाणं वर उचलल्यासारखं दिसायचं आणि ग्लासातली पेन्सिल मोडायची, तेवढ्यावर वक्रीभवनाचा धडा संपायचा. ओल्या टॉवेलचं मला खूप उशिरा कळलं. कोरड्या सुतात तंतू आणि त्यांच्यामध्ये हवा. हवेचा वक्रीभवनांक, म्हणजे उजेड किती वळतो त्याचा आकडा, 1, सुती तंतूचा दीडच्या आसपास. एवढा फरक असला की उजेड प्रत्येक तंतूपाशी जोरात वळतो, थोडा उलटा उडतो, आणि असे हजारो तंतू असल्यामुळे बराचसा लगेच आपल्या डोळ्याकडे माघारी येतो. म्हणून कापड फिकं. फटींमध्ये पाणी भरलं की 1.33 विरुद्ध दीड. भांडणातला जोरच जातो. उजेड फारसा न वळता आत आत उतरतो, आणि जितका आत जाईल तितका रंग त्याला गिळत जातो.

शेंगाचटणीच्या पुडीचंही तेच. तेलाचा आकडा तर कागदाच्या तंतूच्या अगदीच जवळचा, त्यामुळे कागद जवळजवळ हार मानतो. चटणी संपल्यावर तेलकट कागद उजेडात धरला तर पाठीमागची ‘वधू पाहिजे’ची जाहिरात उलटी वाचता येते. मी वाचलेली आहे.

पण हे सगळं अण्णांना माहीत होतं. आकड्यांशिवाय.

अण्णा पूर्व भागातल्या एका रंगखान्यात होते. चादरीचं सूत रंगवायचं काम. आपल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात फोटो मागाचा आला, विणणाऱ्याचा आला. हौदात हात घालून निळे-लाल झालेल्यांचा कुणी काढला नाही. असो. सुट्टीत मी डबा घेऊन जायचो. आत वाफ, सोड्याचा वास, आणि पत्र्याच्या भोकांतून वाफेत उतरलेले उन्हाचे दांडे. लडी हौदातून वर आली की मी म्हणायचो, ‘अण्णा, जुळला रंग!’ शेजारचा कामगार हसून म्हणायचा, ‘तडि, तडि.’ तेलुगूत तडि म्हणजे ओल. अण्णा म्हणायचे, ‘ओल्यावर जाऊ नको बे. वाळू दे की आधी.’

मग ते लडीचा एक झुपका पिळून बॉयलरच्या गरम पाइपवर धरायचे. वाळला की उत्तरेच्या दारात जायचे. दार उत्तरेचंच लागायचं, कारण तिथे थेट ऊन फारसं येत नाही, उजेड दिवसभर बराचसा एकसारखा राहतो. ट्यूबलाइटखाली रंग पास करणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत इथे लिहिण्यासारखं नाही. एका हातात झुपका, दुसऱ्या हातात शेडची वही. प्रत्येक पानावर सुताचे तुकडे चिकटवलेले, खाली पेन्सिलीनं मापं. डोळे बारीक करून बघायचे, मान हलवायचे, की लडी पुन्हा हौदात.

एकदा सायकलवरून त्यांच्याबरोबर अक्कलकोट रोडला एमआयडीसीत चाललो होतो. भर दुपार, पुढे डांबरावर लख्ख पाणी. मी मागून ओरडलो, ‘रस्ता ओला हाय!’ अण्णा वळूनसुद्धा बघेनात. म्हणाले, ‘पोचल्यावर सांग.’ पोचलो की पाणी पुढे सरकलेलं. तापलेल्या डांबरालगतची हवा विरळ होते, तिरका येणारा उजेड तिच्यातून वर वळतो, आणि आपण आभाळाचा तुकडा रस्त्यावर बघून त्याला पाणी म्हणतो. त्या दिवशी मला फक्त तहान लागली होती.

साठीनंतर अण्णांचा माल परत यायला लागला. लाल ठीक, हिरवा ठीक, निळ्यातच घोटाळा. एकाच चादरीत दोन निळे. अण्णा वही घेऊन जायचे, दारात धरायचे, ‘एकच हाय की’ म्हणून घरी येऊन न जेवता झोपायचे. सूत बदललंय, रंगाच्या कंपन्या भेसळ करतात, गिऱ्हाईकं माजलीत. शेवटी मालकानं फार गोड बोलून त्यांना घरी बसवलं. त्या माणसाचं नाव आमच्या घरात पुढे कुणी काढलं नाही.

मोतीबिंदू निघाला चार वर्षांनी. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा उजेड आतच अडवतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. अण्णांना ते कुणी सांगितलं नाही, मीही नाही. पट्टी निघाली त्या सकाळी ते घरभर फिरले. भिंत बघितली, नळ बघितला, आईचं लुगडं बघून म्हणाले, ‘हे जांभळं हाय होय?’

दुपारी कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यांनी शेडची वही मागून घेतली. आत, शेवटच्या पानात, परत आलेल्या मालाचे दोन तुकडे टाचून ठेवले होते. आमच्या घराचं उत्तरेचं दार म्हणजे मोरीचं. तिथल्या उंबऱ्यावर बसून त्यांनी ते दोन तुकडे शेजारी शेजारी धरले. बराच वेळ.

‘अण्णा, आता कशाला बघता ते?’ मी म्हटलं.

‘बरोबर परत केला रे त्यांनी माल,’ अण्णा म्हणाले.