बजेट पीसी, नोंद ४: ग्राफिक्स कार्ड शेवटी ठरलं

२८ एप्रिल २०२४, रविवार

रॅम ८ जीबीवरून १६ वर नेली, एसएसडी बसवली, तरी गेममधल्या भिंती पुसट त्या पुसटच. गाडी थांबवून दुकानाच्या पाटीकडे बघावं तर आधी नुसता रंगाचा डाग दिसतो आणि चार-पाच सेकंदांनी अक्षरं उमटतात. आता दुखणं कुठे आहे याबद्दल शंका उरली नाही. माझं जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड २०१६ सालचं मॉडेल, ४ जीबी मेमरीचं. इतकी वर्षं इमानेइतबारे चाललं, पण नव्या गेमांचं सामान त्याच्या कोठीत मावेनासं झालंय.

आधीच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी मशीन सांगते: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ४५० वॉटचा ब्रॉन्झ पॉवर सप्लाय, १०८०पी ७५ हर्ट्झचा मॉनिटर. रक्कम २०,००० रुपये. दिवाळीपासून पगारातून बाजूला टाकत आलेय, त्यावर फार तर हजारभर ओढाताण करता येईल. पॉवर सप्लाय बदलायचा नाही, ही अट मात्र पक्की. नाहीतर कार्डाचे पैसे तिकडेच जातात.

आज दोन मापं घेतली. एक पॉवर सप्लायच्या स्टिकरवरचं. डब्यावरच्या ४५० वर जाऊ नका, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपियर लिहिलेत ते बघा. माझ्याकडे ३६ आहेत, म्हणजे ४३२ वॉट. स्वस्त सप्लायवर आकडा मोठा छापलेला असतो आणि हाच रकाना अर्ध्यावर असतो. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जेवतात ते याच ताटातलं. ३६०० ला भर कामात ८८ वॉटपर्यंत लागतात. पंखे, डिस्क, बोर्ड यांचे पन्नासेक धरले, आणि उरलेल्यातले निम्मे मोकळे ठेवले, तरी दीडशे वॉटच्या आतलं कार्ड निश्चिंतपणे चालेल. सप्लायला कार्डाला वीज देणारी ८ पिनची वायर आहे का तेही पाहिलं. आहे, ६ अधिक २ अशी.

दुसरं माप कॅबिनेटचं. आईची शिवणकामाची टेप घेऊन मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत मोजलं, २७ सेंटीमीटर भरलं. आई म्हणाली, "ब्लाउजला लागतं तसं दोन बोटं माया सोड." सोडली. २५ च्या आतलं कार्ड बघायचं.

४ मे, शनिवार

इंदूरच्या आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये मावसभावाला घेऊन गेले. रामबागेतून निघताना मनात दोनच नावं होती, परतले तेव्हा सहा झाली होती. पण आजचा खरा धडा नावांच्या यादीत नव्हता.

दुसऱ्या मजल्यावरच्या दुकानात मी आरटीएक्स ३०५० विचारलं. काउंटरवरच्या मुलाने सरळ विचारलं, "दीदी, छह जीबी वाला कि आठ? दोनों थर्टी-फिफ्टी ही है." भाऊ लगेच म्हणाला, "भिया, दोनों के डिब्बे दिखाओ." डबे शेजारी ठेवले. पुढून बघितलं तर मेमरीचा आकडा सोडून काही फरक कळत नाही. कुणालाही वाटेल की २ जीबी कमी, एवढंच.

एवढंच नाही. ८ जीबीचं कार्ड जानेवारी २०२२ मध्ये आलं. त्यात २५६० कोअर, मेमरीचा रस्ता १२८ बिटांचा, सेकंदाला २२४ जीबी वाहून नेणारा. ६ जीबीचं आलं फेब्रुवारी २०२४ मध्ये. त्यात २३०४ कोअर, रस्ता ९६ बिटांचा आणि वाहतूक १६८ जीबी. म्हणजे कोठीही लहान, दारही अरुंद आणि आत काम करणारे हातही कमी. त्याचा एक गुण मात्र खरा आहे: ते ७० वॉटवर चालतं, वेगळी वायर लागत नाही. ज्याच्याकडे ऑफिसातून निघालेलं जुनं मशीन आहे आणि सप्लायला जादा वायरच नाही, त्याला ते वरदान आहे. माझ्याकडे वायर आहे, त्यामुळे या गुणाचे पैसे मी का मोजू?

नाव तेच आणि आतला माल वेगळा, ही गोष्ट नवी नाही. जीटी १०३० आठवतंय का? पहिलं जीडीडीआर५ मेमरीचं होतं, सेकंदाला ४८ जीबी. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ चं आलं, १६.८ जीबीचं. जवळजवळ तिपटीचा फरक, आणि नाव तेच. म्हणून आता मी कुठल्याही कार्डाचं नाव ऐकलं की तीन गोष्टी विचारते: मेमरी किती, बिट किती, लेन किती.

लेनबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्यासारख्या जुन्या बोर्डवाल्यांचा घात तिथेच होतो.

बी४५० वर पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या रस्त्याची, तिसरी पिढी आहे. एका लेनवरून सेकंदाला साधारण १ जीबी जातं. स्लॉट १६ लेनचा असतो, पण कार्ड तेवढ्या लेन वापरतंच असं नाही. आरएक्स ६५०० एक्सटी फक्त ४ लेन वापरतं. चौथ्या पिढीच्या बोर्डावर त्या ४ लेनवरून ८ जीबी जातात, माझ्या बोर्डावर ४. एरवी याने फारसं बिघडत नाही. कार्डाची मेमरी भरली की मात्र उरलेलं सामान मशीनच्या रॅममध्ये ठेवावं लागतं आणि दर फ्रेमला त्याच रस्त्याने आणावं लागतं. ६५०० एक्सटीची मेमरी ४ जीबी, म्हणजे ती भरणारच, आणि भरली की रस्ताही चिंचोळा. दोन्ही उणिवा एकमेकींना धरूनच येतात. वर त्यात व्हिडिओ रेकॉर्ड करायचा एन्कोडर नाही, आणि भावाला तर गेम रेकॉर्ड करायचेच असतात. दुकानदाराने ते सगळ्यात स्वस्त सांगितलं होतं. नव्या बोर्डावर, हलक्या गेमांसाठी कुणी घेतलं तर माझी हरकत नाही. बी४५० किंवा त्याहून जुन्या बोर्डावर घेऊ नका, हे कळकळीने सांगते.

इंटेल आर्क ए७५० ची किंमत मोहात पाडणारी होती, पण त्याला २२५ वॉट लागतात. माझ्या सप्लायच्या जिवावर उठलं असतं. आरटीएक्स ४०६० सगळ्यात शहाणं कार्ड, फक्त ११५ वॉटचं, पण माझ्या रकमेच्या फार पुढे.

५ मे, रविवार

आज जुन्या मालाकडे वळले. ओळखीतून कळलं की विजयनगरकडे एकाला आरएक्स ५८० ८ जीबी विकायचंय, ७,००० रुपयांत. वीस हजारांतले तेरा वाचणार म्हटल्यावर रात्री झोप नीट लागली नव्हती.

जुनं कार्ड घ्यायचं तर समोर चालवून बघायचं, यात तडजोड नको. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर गणितं चालवून नाणी मिळवणं, बंद पडलं आणि दिवसरात्र राबवलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. त्यातलं प्रत्येक कार्ड वाईट असतं असं नाही, पण तपासायला हवं. मी पेनड्राइव्हमध्ये कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झी आणि कार्डावर ताण देऊन बघणारं फरमार्क घेऊन गेले होते. आधी कार्ड हातात घेऊन उजेडात धरलं. स्क्रूवर गंज नाही. मागच्या बाजूला मेमरीच्या चिपांभोवती मात्र तेलकट कडं दिसलं. थर्मल पॅड फार काळ तापले की त्यातलं तेल असं झिरपतं. बोट फिरवलं तर चिकट लागलं.

मग जीपीयू-झी उघडलं. नावाच्या जागी आरएक्स ५८०, मेमरी ८ जीबी, सगळं बरोबर. शेडर्सच्या, म्हणजे कोअरच्या, रकान्यात २०४८.

खऱ्या आरएक्स ५८० मध्ये २३०४ असतात. २०४८ असतात ते आरएक्स ५७० मध्ये. २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी '५८० २०४८एसपी' नावाचं एक कार्ड निघालं, ते वस्तुतः ५७० च, आणि पुढे ते सगळीकडे पसरलं. विकणाऱ्या मुलाला मी रकाना दाखवला तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्याने स्वतः ते ५८० च्या भावाने घेतलं होतं, डब्यावर लहान अक्षरांत लिहिलेलं 'एसपी' त्याला कुणी समजावलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. आम्ही तिघं तासभर बसून त्याचे आकडे तपासत होतो. किंमत किती ठेवावी तेही मी त्याला सांगितलं.

खरं ५८० असतं तरी मी घेतलं नसतं, हे परतताना कळलं. त्याला १८५ वॉट लागतात, माझी मर्यादा दीडशे. शिवाय २०२३ च्या अखेरीस एएमडीने त्या पिढीचे ड्रायव्हर वेगळ्या शाखेत काढले, तिथे अपडेट मोजकेच येतात. स्वस्ताच्या नादात स्वतःचीच अट विसरून विजयनगर गाठलं होतं.

जुन्यातलं जीटीएक्स १६६० सुपर मात्र माझ्या मनातून अजून जात नाही. १२५ वॉट, ६ जीबी, १९२ बिट आणि सेकंदाला ३३६ जीबी. पूर्ण १६ लेन, म्हणजे जुन्या बोर्डाला काहीच अडचण नाही. दहा हजारांच्या आत, बिलासकट, वापरणाऱ्याच्या घरी चालवून बघायला मिळालं तर डोळे झाकून घ्या. मला आठवडाभरात मिळालेली दोन्ही बिलाशिवायची होती.

११ मे, शनिवार

घेतलं. आरएक्स ६६००, नवं, दोन पंख्यांचं, पक्क्या बिलावर २०,६०० रुपये.

का, ते थोडक्यात. ८ जीबी, १२८ बिट, १३२ वॉट, एकच ८ पिनची वायर, आणि एएमडीच स्वतः ४५० वॉटचा सप्लाय पुरेसा म्हणते. हे ८ लेन वापरतं, म्हणजे माझ्या बोर्डावर सेकंदाला ८ जीबी. कोठी मोठी असल्यामुळे त्या रस्त्यावर जायची वेळ कमी येते. किरणांचा प्रकाश, म्हणजे रे ट्रेसिंग, यात आहे पण अशक्त. ज्यांना तेच हवंय त्यांनी आरटीएक्सच बघावं. लहान चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारी एनव्हिडियाची डीएलएसएसही नाही, एएमडीच्या एफएसआरवर भागवायचं. मला १०८०पी वर, ७५ हर्ट्झवर खेळायचंय, त्याला हे पुरून उरतं.

बिलावर सीरियल नंबर लिहून घेतला. दुकानदार "उसकी ज़रूरत नहीं" म्हणत होता, तरी लिहायला लावला. वॉरंटीला गेल्यावर तोच कामाला येतो.

घरी डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रामने सेफ मोडमध्ये जुने एनव्हिडियाचे ड्रायव्हर साफ केले, मगच कार्ड बदललं. पाठीमागची पट्टी बसताना हलका 'टक' आवाज आला आणि मायेच्या दोन बोटांतलं एक बोट शिल्लक राहिलं. गेम लावला, त्याच पाटीसमोर गाडी थांबवली. अक्षरं आधीपासूनच होती. भाऊ ओरडला, "ताई, बघ, खालचा फोन नंबरसुद्धा वाचता येतोय!"

१३ मे, सोमवार

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आले आणि रिसायझेबल बार चालू करायला बसले. एरवी प्रोसेसरला कार्डाची मेमरी २५६ एमबीच्या एवढ्याशा खिडकीतून दिसते, हे चालू केलं की सगळी मेमरी एकदम दिसते. माझ्या बोर्डाच्या नव्या बायोसमध्ये ती सोय आलीय.

बायोसमध्ये सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने मशीन सुरू करू देणारी सोय, बंद केलं, 'अबव्ह ४जी डिकोडिंग' आणि रिसायझेबल बार हे दोन पर्याय चालू केले, सेव्ह केलं. मशीन परत बायोसमध्येच. पुन्हा केलं, पुन्हा तेच. विंडोजची डिस्कच दिसेना. छातीत धस्स झालं, कारण घरच्या सगळ्या फोटोंची एकमेव प्रत त्याच डिस्कवर होती.

कारण असं: माझं विंडोज फार वर्षांपूर्वी जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर टाकलेलं होतं, आणि सीएसएम बंद केलं की बोर्ड फक्त जीपीटी डिस्कवरूनच सुरू होतं. सीएसएम परत चालू केल्यावर विंडोज आलं. आधी सगळे फोटो बाहेरच्या डिस्कवर काढले, मग डिस्कची पद्धत बदलणारं विंडोजमधलंच एमबीआर-टू-जीपीटी वापरलं. आधी नुसती तपासणी चालवली, ती पार पडल्यावरच बदल केला. दोन मिनिटांचं काम. पुन्हा सीएसएम बंद केलं आणि या वेळी मशीन सुरळीत उठलं. तुम्हीही हे करणार असाल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कची पद्धत आधी बघून घ्या, मगच बायोसला हात लावा.

फोर्झा होरायझन ५ मधल्या बेंचमार्कची सरासरी, १०८०पी हाय सेटिंगवर: रिसायझेबल बारच्या आधी सेकंदाला ९१ फ्रेम, नंतर ९७. प्रत्येकी तीनदा चालवून घेतली.

१९ मे, रविवार

आता उन्हाळ्याचं. दुपारी खोलीत ३५ अंश होते तेव्हा तासाभराच्या खेळानंतर हॉट स्पॉट, म्हणजे चिपमधला सगळ्यात तापलेला बिंदू, ९३ वर गेला. कार्डाला धोका नाही, पण पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीत आईला ऐकू येत होता. एएमडीच्या एड्रेनलिन या प्रोग्राममध्ये व्होल्टेजचा आकडा ११५० मिलिव्होल्ट होता, तो १०८० वर आणला. पंख्यांची चाल थोडी सौम्य केली. तेवढ्याच वेळाने तोच गेम, हॉट स्पॉट ८६, फ्रेममध्ये मोजण्याजोगा फरक नाही. मी १०५० वरही जाऊन पाहिलं, पण वीस मिनिटांत ड्रायव्हर कोसळला. प्रत्येक कार्ड वेगळं, त्यामुळे माझा आकडा उचलू नका, दहा-दहाने खाली या आणि प्रत्येक पायरीवर तासभर खेळा.

एक लक्षात ठेवा. एड्रेनलिनमध्ये दिसणारे १०० वॉट फक्त चिपचे असतात, अख्ख्या कार्डाचे नाहीत. मी आधी तेच धरून हिशोब मांडला होता आणि यूपीएसचं गणित चुकत होतं. माझा यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे ३६० वॉटचा. मॉनिटर धरून त्यात बसतंय, गेल्या आठवड्यात दोनदा वीज गेली तेव्हा गेम सेव्ह करण्याइतका वेळ मिळाला.

जुनं १०५० टीआय भावाला देतेय. त्याच्याकडे ऑफिसातून लिलावात घेतलेलं मशीन आहे, सप्लायला जादा वायर नाही, आणि माझ्या या कार्डाला ती लागतही नाही, स्लॉटच्या ७५ वॉटवर चालतं. पण त्याचं कॅबिनेट चपटं दिसतंय, त्यात पूर्ण उंचीचं कार्ड मावेल असं वाटत नाही. पुढच्या शनिवारी टेप घेऊन त्याच्याकडे जातेय.