अभंगाचा स्कोअर: आता फक्त मांडणी उरलीय

मंडळी, कॉयर (गायकवृंद) आणि वाद्यांसाठीच्या अभंगाचे सूर सगळे लिहून झालेत. आता स्कोअरची, म्हणजे सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक दाखवणाऱ्या पानाची, मांडणी चाललीय, आणि खरा वेळ तीच खातेय. चार आवाज (उंचाकडून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस), बासरी, क्लॅरिनेट, तबला, टाळ, हार्मोनियम, दोन व्हायोलिन, चेलो अशा बारा ओळी म्युझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका पानावर बसवायच्यात.

क्रम रूढच ठेवलाय: वर सुषिर वाद्यं, मग ताल, मग गाणारे, तळाशी तंतुवाद्यं. नियमाने हार्मोनियम कॉयरच्या वर यायला हवी. मी ती खाली, बेसला लागून घेतली. आमच्या शाहूपुरीतल्या तालमीत पेटीवाल्या ताईच सगळ्यांना सूर देतात. चार आवाज आणि पेटी एका नजरेत आलेली बरी. क्लॅरिनेट बी-फ्लॅट, म्हणजे लिहिल्यापेक्षा एक पूर्ण सूर खाली वाजणारं, आणि गाणं पांढरी दोनमध्ये, म्हणून त्याच्या पानावर पांढरी तीन आणि चार शार्प. टेनरला ट्रेबल क्लेफ (ओळीच्या सुरुवातीची उंच सुरांची खूण), खाली छोटा आठ, म्हणजे लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली गायचं.

खरी गंमत शब्दांची. गाण्याच्या ओळीत शब्द खाली असतात, म्हणून लहान-मोठ्या आवाजाच्या खुणा वर जातात. रोमन अक्षरांना हे चालतं. आपले उकार आणि जोडाक्षरं मात्र खाली लोंबतात, आणि सोप्रानोच्या शब्दातला ऊकार थेट आल्टोच्या 'फोर्ते'वर (मोठ्याने गायच्या खुणेवर) बसतो, एसटीत खिडकीची जागा धरल्यासारखा.

त्यात 'विठ्ठल'. वि-ठ्ठ-ल असं तोडलं की फाँट एका ठ खाली दुसरा रचतो. अक्षर आणखी खाली उतरतं. गाणाऱ्यांचंही बिनसतं: लांब सुरावर ठ् नेमका कधी मिटायचा? निम्मे आधी मिटतात, निम्मे नंतर. आता विठ्-ठ-ल असं लिहितोय. पाय मोडलेला ठ् पहिल्याच सुराखाली दिसतो, त्यामुळे तो त्या सुराच्या शेवटी मिटायचा हे न सांगता कळतं, आणि उंचीही वाचते. 'भक्ती'चंही तेच, भक्-ती. पुस्तकात असं कुणी छापणार नाही, पण हे गायचं पान आहे.

कॉयरच्या चार ओळींना डावीकडे एकच चौकोनी कंस, मात्र मात्राखंडाच्या उभ्या रेघा एका ओळीतून दुसरीत नेल्या नाहीत, नाहीतर त्या शब्दांना कापतात. व्हायोलिन-चेलोच्या रेघा सलग.

ध्रुवपदात चौघांचे शब्द एकदम येतात, तिथे दोन ओळींत दोन-दोन आवाज घालून जागा वाचली असती. पण अंतऱ्यात आवाज एकामागोमाग शिरतात, तिथे पुन्हा चार ओळी लागल्या असत्या. मध्येच पानाची मांडणी बदलली की नवखा गाणारा आपली ओळ शोधत बसतो. म्हणून सगळीकडे चारच.

तबल्याला एकच रेघ, ठेका पहिल्या आवर्तनात बोलांसह, पुढे पुनरावृत्तीची खूण. तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) तेवढी पूर्ण लिहिलीय.

कंडक्टरची प्रत ए-थ्रीवर, राजारामपुरीतल्या झेरॉक्सवाल्याकडून. कॉयरला फक्त चार आवाज आणि पेटी, ए-फोरवर. बासरीचं पान उलटायची जागा अजून सापडलेली नाही. तिला दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत विसावाच दिलेला नाही. तिथे दोन मात्रा व्हायोलिनकडे सरकवून बघतो.