म्हाताऱ्या कृमीला वास येतो का?

"अगं, ज्याला मारायला आम्ही ठिबकमधून औषध सोडतो, तेच तू तिकडं पाळतेस?"

पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्यावर अण्णांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. सांगोल्याजवळ आमची डाळिंबाची बाग आहे. सूत्रकृमी म्हटलं की घरात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गाठी आलेली मुळं आणि पिवळी पडत चाललेली झाडं उभी राहतात. माझा सूत्रकृमी वेगळा, हे समजावायला मला बरीच वर्षं लागली. सीनोरॅब्डायटिस एलेगन्स हा एक मिलिमीटर लांबीचा आणि आरपार दिसणारा कृमी कुजणाऱ्या फळापाल्यातले जिवाणू खाऊन जगतो आणि कोणाच्या मुळाला लागत नाही. सिडनी ब्रेनर यांनी १९६० च्या दशकात तो प्रयोगशाळेत आणला आणि १९७४ साली त्याच्या आनुवंशिकतेवर मोठा निबंध लिहिला. उभयलिंगी प्रौढाच्या शरीरात न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, मोजून ३०२. कोणता न्यूरॉन कोणाला जोडलेला आहे, याचा नकाशा १९८६ सालीच छापून आला.

माझा प्रश्न साधा होता. वय झालेला कृमी वासाच्या दिशेने जात नाही. पण का? त्याला वास येत नाही, की वास येऊनही अंग साथ देत नाही?

वर्तनाची चाचणी अशी असते. नऊ सेंटिमीटरच्या प्लेटवर एका बाजूला बेंझाल्डिहाइडचा थेंब, दुसऱ्या बाजूला नुसतं इथेनॉल आणि मधोमध शंभरेक कृमी. दोन्ही टोकांना थोडं सोडियम अझाइड टाकतात, म्हणजे पोहोचलेला कृमी तिथेच स्थिरावतो. तासाभराने दोन्हीकडचे मोजायचे. बेंझाल्डिहाइडला कडू बदामासारखा वास असतो आणि तरुण कृमी त्याच्याकडे सरळ धाव घेतात. म्हातारे मात्र मधल्या वर्तुळातच रेंगाळतात. आता यातून काय समजायचं? तासाभरात चार सेंटिमीटर जाण्याचीच ज्याची ताकद नाही, त्याच्या नाकाबद्दल ही प्लेट काहीच सांगत नाही. पहिले सहा महिने मी याच आकड्यांचे आलेख काढत होते. एका बैठकीत माझ्या मार्गदर्शक मॅडमनी शांतपणे विचारलं, "तू वास मोजतेयस की पाय?" कृमीला पाय नसतात, पण त्या वाक्यानंतर माझं सगळं काम बदललं.

मग ठरलं की आयुष्यमान, वर्तन आणि न्यूरॉनची नोंद, तिन्ही एकाच तुकडीवर करायचं. एका बाजूला साधे, एन२ वाणाचे कृमी. दुसऱ्या बाजूला डॅफ-२ जनुकात बिघाड असलेले. १९९३ साली सिंथिया केनियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हे एक जनुक बिघडलं तर कृमी दुपटीहून जास्त जगतो. पुढे कळलं की इन्सुलिनसारखे संदेश टिपणारं प्रथिन बनवणारं ते जनुक आहे. म्हाताऱ्या वासाचा अभ्यास करायचा, तर उशिरा म्हातारे होणारे जीव तुलनेला हवेतच.

तुकडी एका वयाची करणं ही पहिली पायरी. अंडी पोटात असलेल्या प्रौढांवर ब्लीच आणि सोडियम हायड्रॉक्साइड टाकून नळी हलवत राहायची. काही मिनिटांत शरीरं विरघळतात आणि कवचामुळे अंडी तेवढी वाचतात. ती धुऊन अन्नाशिवाय रात्रभर ठेवली की पिल्लं बाहेर येतात आणि पहिल्याच टप्प्यावर थांबून राहतात. अन्न दिलं की सगळी एकदम वाढीला लागतात. यात वेळेचं भान फार लागतं. एक मिनिट जास्त झालं तरी अंडीही गेली. माझ्या पहिल्या तीन तुकड्या अशाच गेल्या.

पुढची तुकडी जुलैत गेली. रात्री वीज गेली, इन्क्युबेटर पुन्हा चालू झालाच नाही आणि सकाळी आत २८ अंश होते. या कृमींचं वय तापमानावर चालतं, २० अंशांचा हिशेब २८ ला लागू पडत नाही. शिवाय डॅफ-२ ची पिल्लं २५ अंशांतच मोठी होणं सोडून देतात आणि डॉवर नावाच्या अवस्थेत जाऊन बसतात, जिच्यात न खाता महिनोन् महिने निघतात. साठ प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घालताना मला रडू आलं. मुंबईच्या पावसाळ्यात बुरशीही पाठ सोडत नाही. एका प्लेटवर काळा ठिपका दिसला, की शेजारच्या सगळ्यांवर संशय.

ऑगस्टमध्ये घातलेली तुकडी मात्र टिकली. प्रत्येक वाणाचे १२० कृमी. एक उभयलिंगी कृमी तीनशेच्या आसपास पिल्लं देतो. रोज नव्या प्लेटवर हलवलं नाही तर आई कोण आणि लेकरं कोण, काही कळत नाही. अंडी थांबवणारं एक रसायन वापरता येतं, पण काही वाणांत ते स्वतःच आयुष्यमान बदलतं, म्हणून मी हातानेच हलवायचं ठरवलं. प्लॅटिनमच्या तारेचं टोक चपटं करून पिक बनवतात. ती ज्योतीत लाल करायची, गार होऊ द्यायची, टोकाला थोडे जिवाणू घ्यायचे आणि कृमीला हळूच चिकटवून उचलायचं. पहिल्या आठवड्यात माझ्या पिकखाली कितीतरी चिरडले. हात बसल्यावर मात्र तासाला दोनशे होऊ लागले. गणपतीत घरी गेले नाही. आईला सांगितलं, यांच्या वयाला सुट्टी नसते.

मृत्यू मोजणं सगळ्यात अवघड निघालं. नियम असा, की डोक्याला आणि शेपटीला पिकने हळूच स्पर्श करायचा आणि तीन वेळा करूनही काहीच हललं नाही तर मेला असं लिहायचं. भिंतीवर चढून वाळलेले, पोटातच पिल्लं फुटून गेलेले वेगळ्या रकान्यात जातात, कारण ते वयाने मेलेले नाहीत. ऐकायला सोपं वाटतं. पण मी वापरत होते ते डॅफ-२ चं रूप प्रौढपणी मुळातच हलायला नाखूश असतं. धडधाकट असूनही काठीसारखं सरळ पडून राहतं आणि स्पर्श केला की झटकन मागे सरकतं. दहाव्या दिवसापासून मला सवय लागली. डॅफ-२ ची प्लेट हातात आली की तीनऐवजी चार-पाच स्पर्श करायचे. एन२ चा कृमी मात्र तिसऱ्यालाच मेला. हे मला स्वतःला कळलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या सीनियरने पाहिलं आणि म्हणाला, "तू यांना जास्त संधी देतेयस."

त्या रात्री मला झोप आली नाही. मी खोटं काही लिहिलं नव्हतं, पण माझा हात कोणाच्या बाजूने होता हे मात्र खरं. दुसऱ्या दिवशी सगळ्या प्लेटांवरची नावं पुसली. सीनियरने त्यांना आकडे दिले आणि यादी आपल्या कपाटात ठेवली. तुकडी नव्याने सुरू केली. तीन आठवडे वाया गेले, असं तेव्हा वाटलं. आज माझ्या प्रबंधातल्या ज्या एका आलेखावर माझा पूर्ण विश्वास आहे, तो त्या नव्या तुकडीचा आहे.

आणि मग न्यूरॉन. मार्टिन चाल्फी यांनी १९९४ मध्ये जेलीफिशचं हिरवं चमकणारं प्रथिन याच कृमीच्या स्पर्शाच्या न्यूरॉनमध्ये घालून दाखवलं. त्याचंच एक पुढचं रूप म्हणजे जीकॅम्प. पेशीतलं कॅल्शियम वाढलं की ते जास्त उजळतं, म्हणजे न्यूरॉन जागा झाला की दिसतो. माझ्या वाणात ते एडब्ल्यूसी नावाच्या वासाच्या न्यूरॉनमध्ये होतं, तेही जोडीतल्या एकाच. डावा की उजवा, हे प्रत्येक कृमीत वाढीच्या काळात चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. जनुकं तीच, प्लेट तीच, तरी एकात डावीकडे तर दुसऱ्यात उजवीकडे. अजूनही नवा कृमी सूक्ष्मदर्शकाखाली घेताना मला त्याची उत्सुकता वाटते.

कृमीला सिलिकॉन रबराच्या चिपमधल्या अरुंद नळीत ओढून घ्यायचं. नाक पुढे राहतं आणि नाकासमोरून पाण्याचा प्रवाह जातो. झडप फिरवली की साध्या पाण्याऐवजी वासाचं पाणी येतं. तरुण कृमींवर हे दोन दिवसांत जमलं. म्हाताऱ्यांवर दोन महिने जमलं नाही. चिपची नळी तरुणांच्या मापाची होती. वयस्क कृमी जाड होतात, ढिले पडतात आणि ओढताना फाटतात. जास्त रुंद नळीची नवी चिप बनवली, तर त्यात बारके कृमी वळून बसू लागले. शेवटी वयानुसार तीन मापांच्या चिप केल्या. दुसरी अडचण प्रकाशाची. निळा प्रकाश या कृमींना डोळे नसतानाही जाणवतो आणि नकोसा वाटतो. म्हणून नोंदीआधी थोडा वेळ प्रकाश तसाच ठेवून त्यांना सवय होऊ द्यावी लागते. मी सुरुवातीला घाईत ते टाळलं आणि पहिले वीस व्हिडिओ फेकून द्यावे लागले.

वासाचं पाणी सोडलं, तर न्यूरॉन उजळायच्या ऐवजी मंदावला. मी झडप तपासली, नळ्या उलट्या जोडल्यात का ते पाहिलं. मॅडम हसल्या. एडब्ल्यूसी वास आल्यावर शांत होतो आणि वास गेल्यावर पेटतो. मला हे वाचून माहीत होतं, पण डोळ्यांसमोर घडताना मी ते ओळखलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, प्रौढ वयाच्या आठव्या दिवशीचे एन२ मी चिपमध्ये घेतले. याच तुकडीतल्या भावंडांनी आदल्या दिवशी प्लेटवर वासाकडे जवळजवळ पाठ फिरवली होती. नऊ बसवले, त्यातले चार फाटले. उरलेल्या पाचांपैकी चौघांत वास काढून घेताच एडब्ल्यूसी पेटला. तरुणांइतका उंच नाही, पण स्पष्ट. मी झडप पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. वास गेला की उजेड, वास आला की अंधार. प्लेटवर मधोमध पडून राहणाऱ्यांच्या वयाचाच हा कृमी, आणि त्याचं नाक चालू होतं.

हे पहिल्यांदा मला दिसलं असं नाही. २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटच्या गटाने दाखवलं होतं की वय झालं तरी वासाचा पहिला न्यूरॉन प्रतिसाद देत राहतो, पण त्याच्याकडून पुढच्या न्यूरॉनकडे जाणारा संदेश क्षीण होतो. मी तो निबंध अनेकदा वाचलेला. तरीही स्वतः वाढवलेल्या, रोज हाताने उचललेल्या कृमीत ते पाहणं निराळं होतं. माझा पुढचा प्रश्न आता तिथूनच सुरू होतो. डॅफ-२ मध्ये हा पुढचा दुवा जास्त दिवस टिकतो का? त्यासाठी दुसऱ्या न्यूरॉनमध्येही जीकॅम्प असलेला वाण हवा आणि त्यासाठी वाणांचे संकर सध्या चालू आहेत.

दिवाळीत दोन दिवस घरी गेले. फोनवर तो व्हिडिओ अण्णांना दाखवला. काळ्या पडद्यावर एक हिरवा ठिपका उजळतो आणि मावळतो. त्यांनी तो तीनदा पाहिला. मग विचारलं, "म्हणजे आपल्या रानातल्यालाही मुळीचा वास लागत असणार. म्हातारा झाल्यावर त्याला मूळ सापडत नसेल का?"

मी म्हटलं, "गाठी करणाऱ्यांत मूळ शोधत फिरतात ती फक्त पिल्लं, अण्णा. मादी एकदा मुळात बसली की जन्मभर जागची हलत नाही."

ते थोडा वेळ गप्प राहिले. "मग औषध पिल्लांच्या वेळेलाच सोडलं पाहिजे," म्हणाले आणि बहार कधी धरायचा याचा हिशेब बोटांवर करू लागले.