जिभेखालचा पडदा

रामबाग, इंदूर. रात्रीचे अकरा.

उद्या बाळाला सहा आठवडे पूर्ण होतील आणि पेंटाव्हॅलंट लसीच्या पहिल्या मात्रेसाठी त्याला न्यायचे आहे. त्याआधी त्याच्या चिकटलेल्या जिभेची गेल्या महिन्याची हकिगत लिहून ठेवत आहे, कारण जागरणांत ती माझ्याच मनात पुसट होऊ लागली आहे.

जन्मतः त्याचे वजन २ किलो ९०० ग्रॅम होते. सातव्या दिवशी ते २ किलो ६८० भरले. पहिल्या आठवड्यात वजन थोडे उतरतेच, म्हणून कोणी फारसे मनावर घेतले नाही. पण बहुतेक बाळे दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतात, आणि आमचा मात्र चौदाव्या दिवशीही २ किलो ७४० वरच होता. तो सारखा अंगावर असे, चुटचुट आवाज करी, दूध ओठांच्या कडेने ओघळे आणि पाच मिनिटांत दमून तो झोपी जाई. माझ्या स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या. त्याने तोंड सोडले की ती तासलेल्या बोरूसारखी तिरपी चेपलेली दिसत. रडताना त्याची जीभ वर उचलली जात नसे आणि तिचे टोक मधोमध आत ओढले जाऊन पत्त्यांतल्या बदामासारखे दिसे.

सासूबाईंनी ते पाहताक्षणी ओळखले. ‘अगं, जीभ चिकटलेली आहे त्याची, बोलणार कसा?’ असे म्हणून त्यांनी त्यांच्या आजीच्या काळातल्या, जिभेला खालून धरून ठेवणारा पडदा नखाने तोडणाऱ्या सुईणीची आठवण सांगितली. त्यांची धास्ती बोलण्याची होती आणि माझी दुधाची. या दोन काळज्या वेगळ्या आहेत, हे समजायला मला आठवडा लागला.

त्या आठवड्यात शहरातल्या एका दवाखान्यात आम्हांला सांगितले गेले की, जीभ आणि वरचा ओठ दोन्ही लेसरने सोडवून घ्या, नाहीतर मुलगा बोबडा राहील आणि पुढच्या दातांत फट पडेल. बाळंतिणीला असे घाबरवणे मला आजही क्षम्य वाटत नाही. वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारा पडदा जवळपास प्रत्येक बाळाला असतो, जबडा वाढतो तसा तो वर सरकतो आणि समोरच्या दातांतली फट पुष्कळदा कायमचे सुळे आल्यावर आपोआप मिटते. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी हे शांतपणे समजावले, ओठाला हात लावायचा नाही असे स्पष्ट सांगितले आणि आधी पाजण्याची पद्धत सुधारायला लावली.

रात्री मी स्वतः वाचत बसले. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या पुनरावलोकनात पाच चाचण्यांतल्या ३०२ बाळांची माहिती एकत्र केली होती. पडदा कापल्याने आईच्या वेदना काही काळ कमी होतात एवढे त्यातून दिसले, पण बाळाच्या दूध पिण्यात सर्वत्र सारखा फायदा आढळला नाही. त्यामुळे कापण्याची घाई करायची नाही असे आम्ही ठरवले. पकड सुधारण्याचे सगळे उपाय करूनही वजन अडून राहिले आणि माझ्या जखमा भरेनात, तेव्हाच सोळाव्या दिवशी होकार दिला.

जन्मानंतर रक्त गोठायला मदत करणारे व्हिटॅमिन के दिले होते ना, घरात कोणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का, हे डॉक्टरांनी आधी विचारून घेतले. परिचारिकेने बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून डोके धरले, डॉक्टरांनी जीभ वर उचलून त्या पातळ, पांढुरक्या पडद्याला बोथट टोकाच्या कात्रीने एकच छेद दिला, आणि हे मोजून काही सेकंदांत झाले. कापसाच्या बोळ्यावर रक्ताचे दोन-तीन ठिपके होते. मी त्याला लगेच पदराखाली घेतले. पुढचे काही दिवस जिभेखाली पिवळट पांढरा चट्टा दिसत होता. तो पू नसून भरणारी जखम आहे, हे आधीच सांगितलेले नसते तर मी खात्रीने घाबरले असते.

फरक एका रात्रीत पडला नाही. चार-पाच दिवसांनी चुटचुट थांबून घोट गिळल्याचा आवाज येऊ लागला आणि महिन्याच्या दिवशी काटा ३ किलो २५० वर गेला. काही भाग कात्रीचा, काही पाजण्याच्या नव्या पद्धतीचा असेल. दोन्हींचे श्रेय वेगळे करणे मला शक्य नाही.

सासूबाईंना अजून ‘ळ’ची काळजी आहे. जिभेचे टोक मागे वळवून काढावे लागणारे ट, ड, ण, ळ हे वर्ण त्याला जमतील ना, असे त्या विचारतात. मी त्यांना बाळाच्या ताईकडे बोट दाखवते: तिची जीभ जन्मापासून मोकळी आहे, तरी शाळेत आणि गल्लीत दिवसभर हिंदी बोलणारी ही पाच वर्षांची पोर ‘कमल’ आणि ‘बाल’च म्हणते. त्याला तिच्या जिभेचा दोष नाही, कानावर मराठी कमी पडते. शिवाय घट्ट पडदा असलेली कितीतरी मुले स्वच्छ बोलतात. आज संध्याकाळी त्या दोघी पाळण्याशेजारी बसून ‘डोळे, बाळ, काजळ’ असे एकेक शब्द म्हणत होत्या.

आत्ता तो पुन्हा चाळवला आहे. उद्या लसीच्या आधी वजन होईल, तो आकडा इथेच खाली लिहीन.