टायरची आतली बाजू: अकराशे किलोमीटरमध्ये झालेली फजिती

निघायच्या आदल्या दिवशी मी चारही टायरमधली हवा मोजली, नक्षीवरून हात फिरवला आणि गाडी तयार आहे असं घरात जाहीर केलं. जाऊन-येऊन अकराशे किलोमीटर, गाडीत आई, बाबा, बायको आणि मी, डिकी गच्च.

हवेचं गणित तरी बरोबर केलं होतं. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर एक स्टिकर असतो. त्यावर बहुतेक गाड्यांना दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी आणि दुसरा भरलेल्या गाडीसाठी. आम्ही दुसरा धरला, ३३ पीएसआय. टायरच्या अंगावर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरायची नसते. आणि हवा मोजायची ती टायर थंड असताना. दुपारच्या थांब्यावर गेजने ३७ दाखवले तेव्हा बाबा म्हणाले, "जास्त झालीय, थोडी सोड." सोडायची नाही. गरम हवा फुगते. तेव्हा सोडली तर सकाळी टायर कमी हवेवर निघतो. कमी हवेचा टायर जास्त दबतो, त्याच्या भिंती सतत वाकत राहतात आणि तापतात. लांबच्या रस्त्यावर टायर फुटायचं हे एक मोठं कारण.

अडीचशे किलोमीटरनंतर बाबाच पुन्हा म्हणाले, "अरे, ही गुणगुण कसली?" मी काचा बंद करून ऐकलं. ॲक्सिलरेटर सोडला तरी आवाज तसाच, वेग उतरला की मंद. म्हणजे इंजिन नाही, चाकच. पुढच्या थांब्यावर स्टिअरिंग पूर्ण वळवून डाव्या पुढच्या चाकासमोर उकिडवा बसलो. बाहेरची कड नवीकोरी. आतली कड गोटा, आणि एके ठिकाणी रबरातून तार डोकावत होती. बोटाला टोचली तेव्हा खरी वाटली.

चूक माझीच. चार महिन्यांपूर्वी टाय रॉड एंड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा सांधा) बदलला होता आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन नीट लावून घेणं, राहून गेली. गाडी सरळ चालतेय, मग कशाला, असा माझा हिशेब. पण दोन्ही पुढची चाकं सारखीच बाहेर फाकलेली असतील तर गाडी सरळच चालते, फक्त आतल्या कडा रस्त्यावर घासत जातात. उभ्याने गाडीभोवती फिरून हे कधीच दिसत नाही. पुढच्या चाकांना स्टिअरिंग वळवा, मागच्यांना टॉर्च घेऊन खाली वाका. नक्षीच्या खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पावसात तर त्याच्या बऱ्याच आधी पकड कमी होते. मधोमध झीज म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडांना म्हणजे हवा कमी, एकाच कडेला म्हणजे अलाइनमेंट. भिंतीवर फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले असतात, तो टायर दुरुस्त होत नाही.

स्टेपनीसाठी सगळं सामान रस्त्याकडेला उतरवलं. आमची स्टेपनी छोटी, तात्पुरती. तिला ६० पीएसआय लागतात. होते ३४. नशिबाने सॉकेटवर चालणारा पंप जवळ होता, पण तो घरघरत असताना बायकोने माझ्याकडे जसं पाहिलं त्याचं वर्णन करत नाही. घरातून निघताना पाचवं चाकही मोजा, डिकी भरायच्या आधी.

चाक बदलताना: जमीन टणक आणि सपाट, हँडब्रेक, पहिला गिअर, तिरक्या समोरच्या चाकाला दगड. नट आधी जमिनीवरच सैल करायचे, मग जॅक. एक नट इतका घट्ट होता की पान्यावर उभं राहावं लागलं. बसवताना नट समोरासमोर आवळायचे, ओळीने नाही. या स्टेपनीवर ८० च्या वर जायचं नाही. आम्ही ६० नेच गेलो.

सत्तर किलोमीटरवर टायरचं दुकान मिळालं. उजव्याचीही आतली कड अर्धी गेली होती, म्हणून दोन नवे घेतले. घेताना भिंतीवरच्या DOT क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा २३वा आठवडा. दुकानातला मुलगा नवे पुढे बसवत होता. मी मागे बसवायला लावले आणि मागचे पुढे. ओल्या रस्त्यावर मागचं टोक घसरलं तर गाडी गर्रकन फिरते, पुढचं घसरलं तर निदान सरळ जाते आणि ब्रेक मारायला वेळ मिळतो. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट तिथेच करून घेतली. ती टाळली असती तर पुढे आलेल्या टायरचीही तीच गत झाली असती.

ऐंशी किलोमीटरनंतर थांबून नट पुन्हा तपासले. डाव्या मागच्या चाकाचा एक नट पाव फेरा फिरला. बाबा टॉर्च धरून उभे होते, म्हणाले, "बाकीचेही बघ."